जळगावच्या पोराला उत्तर: स्विच २ घ्यायचा की थांबायचं?

प्रश्न जळगावच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा आहे, निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या स्विच या गेम खेळायच्या मशीनबद्दल. थोडक्यात असा: "काका, माझ्याकडे २०१९ साली घेतलेला जुना स्विच आहे. आता स्विच २ घ्यायचाय, पण मित्रांमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, आत्ता कुठे खरं मशीन आलं, डोळे झाकून घे. दुसरा म्हणतो, अ‍ॅनालॉग (अंगठ्याने फिरवायच्या काठ्या) पुन्हा तसलेच, बॅटरी कमी, गेम महाग, कार्डात गेमच नसतो, थांब. मामेभाऊ योकोहामाला नोकरीला आहे. तो सुट्टीत येताना तिकडचं मशीन आणतो म्हणतोय, तिकडे खूप स्वस्त आहे म्हणे. तुम्ही रोज मशीन उघडता, तुम्हीच सांगा."

उघडतो खरा. पुण्यात तपकीर गल्लीजवळच्या एका बोळात २००३ पासून माझं टेबल आहे. टीव्ही गेमच्या कॅसेटी स्पिरिटने पुसून देण्यापासून सुरुवात झाली, आता एकेका आयसीच्या पायासाठी भिंगाखाली तास जातो. त्यामुळे माझं मत कारागिराचं आहे हे धरून वाच. गेम किती भारी आहे ते माझ्यापेक्षा माझी मुलगी चांगलं सांगेल.

आधी घाईचं. मामेभावाला आजच फोन कर आणि तो नेमकं कोणतं मशीन घेणार आहे ते विचार. जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारांत निघाला. एक ४९,९८० येनचा आणि दुसरा ६९,९८० येनचा. दिसायला दोन्ही जुळे भाऊ. पण स्वस्तातला फक्त जपानी भाषेत चालतो, आणि त्यावर फक्त जपान हा देश निवडलेलं निन्टेन्डो खातं जोडता येतं. मेनू जपानी, सेटिंग जपानी, काही अडलं तर येणारी सूचनाही जपानी. भारताचं वेगळं ई-शॉप, म्हणजे कंपनीचं ऑनलाइन गेमचं दुकान, नाही, म्हणजे तुझं जुनं खातं दुसऱ्याच कुठल्या तरी देशाच्या नावाने असणार. त्यावर घेतलेले डिजिटल गेम या मशीनवर येणार नाहीत. खात्याचा देश बदलून जपान करू म्हणशील, तर मार्च २०२५ पासून जपानी ई-शॉपने परदेशात काढलेली क्रेडिट कार्डं आणि पेपाल घेणं बंद केलंय. म्हणजे इथून पैसे भरायचे तर जपानी प्रीपेड कार्डं शोधत फिरायचं. २०,००० येन वाचवून आयुष्यभराची कटकट घरात आणायची असेल तरच ते घे. आणायचंच असेल तर सर्व भाषांचं आणायला सांग, तेही विमानतळावर दाखवायच्या पावतीसकट.

यात कंपनीची लबाडी मला दिसत नाही. येन घसरलेला, परदेशी व्यापारी जपानमधून पोत्यांनी माल उचलतील आणि तिकडच्या पोरांना मिळणार नाही, म्हणून केलेली ती तजवीज आहे. तजवीज त्यांच्या लोकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, एवढं फक्त लक्षात ठेवायचं.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगतोय कारण "तिकडून आणलंय" हे वाक्य ऐकलं की मला अजून जळका वास येतो. दुकान सुरू केलं त्याच वर्षीची गोष्ट. एक गृहस्थ मुलासाठी जपानहून मोठं मशीन घेऊन आले होते, १०० व्होल्टचं. घरी आल्या आल्या मुलाने पिनेला कन्व्हर्टर लावला आणि सरळ आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात घातलं. फट् असा आवाज झाला आणि हॉलमधले दिवे गेले. माझ्याकडे आलं तेव्हा पॉवर सप्लायमधला फ्यूज काळा पडलेला आणि मोठा कपॅसिटर डोक्यावर फुगून फाटलेला. मुलगा दुकानात येऊन नुसता उभा राहिला, बोलला काहीच नाही. मशीन वाचलं, पण त्याला आठ दिवस लागले. आता स्विच २ चा अ‍ॅडाप्टर १०० ते २४० व्होल्ट कुठेही चालतो, त्यामुळे धूर निघायचं भय उरलेलं नाही. गंडायचे प्रकार तेवढे बदलले.

आता तुझ्या मित्रांचे दोन तट. टेबलाच्या या बाजूने बघता, नव्या मशीनबद्दलची जवळजवळ प्रत्येक शंका मागच्या मशीनने शिकवलेली असते. ज्याचा अ‍ॅनालॉग गेला तो अ‍ॅनालॉगबद्दल विचारतो, ज्याचे गेम नव्या मशीनवर चालले नाहीत तो जुन्या गेमबद्दल विचारतो. आशा मात्र कंपनीच्या दीड-दोन मिनिटांच्या व्हिडिओतून येते. म्हणून मी शंका जास्त लक्ष देऊन ऐकतो. शंकेमागे बिल फाटलेलं असतं.

नावाचंच घे. १६ जानेवारी २०२५ ला कंपनीने मशीन दाखवलं आणि त्यावर नुसता २ चा आकडा होता, तेव्हा जुन्या चाहत्यांचा जीव भांड्यात पडला. का, तर याच कंपनीचं २०१२ सालचं मशीन, वी यू. आधीच्या वीचे १० कोटींवर नग खपले होते. वी यू दाखवताना कंपनीने सगळा भर हातातल्या टॅबलेटसारख्या रिमोटवर दिला, नावही जवळजवळ तेच ठेवलं, आणि कितीतरी लोकांना वाटलं की हे आपल्या वीला जोडायचं काहीतरी नवीन सामान आहे. शेवटी सगळे मिळून १.३५ कोटींच्या आसपास नग खपले. जुना स्विच मात्र १५ कोटींच्या पुढे गेला. इतकं चाललेलं मशीन मागे असताना पुढचं पाऊल वाकडं पडेल ही भीती चाहत्यांना होती, कंपनीलाही असणार. २ हा आकडा त्या भीतीचंच उत्तर आहे असं मला वाटतं. फार कल्पक नाही, पण माझ्या आईलाही कळतं.

आता अ‍ॅनालॉग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या पोटापाण्याचा मोठा हिस्सा यावरच चालतो.

रिमोटवरची जी काठी आपण अंगठ्याने फिरवतो, तिच्या खाली दोन दिशांचे दोन पोटेन्शिओमीटर असतात. नाव मोठं, काम साधं: जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठव. कार्बनचा एक पट्टा आणि त्यावर घासत जाणारं धातूचं बारीक बोट. बोट पट्ट्यावर कुठे टेकलंय त्यावरून व्होल्टेज बदलतं, आणि त्या व्होल्टेजवरून मशीनला कळतं की काठी किती झुकली. मोठ्या रिमोटमध्ये हे काठीच्या बाजूला छोट्या डब्यांत बसवलेलं असतं. जुन्या स्विचचा जॉय-कॉन, म्हणजे मशीनच्या दोन्ही कडांना लागणारा सुटा रिमोट, इतका चपटा की त्यात हे सगळं चापून बसवावं लागलं. उघडून भिंगाखाली धरला की काळा पट्टा दिसतो, आणि धातूचं बोट जिथे रोज हजारदा जातं तिथे घासून पडलेली चकचकीत रेघ. बाजूला काळी पूड. हीच पूड बोटाखाली येते आणि व्होल्टेज डळमळतं. तू काठी सोडलीस तरी मशीनला वाटतं तू अजून डावीकडे ढकलतोयस, आणि तुझा गडी आपला आपण दरीकडे चालायला लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात.

जॉय-कॉनच्या बाबतीत हे इतकं झालं की २०१९ पासून कंपनीने अमेरिकेत ते फुकट दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली, २०२० मध्ये अध्यक्ष फुरुकावा यांनी भागधारकांपुढे दिलगिरी व्यक्त केली, आणि २०२३ मध्ये युरोपात ग्राहक यंत्रणांच्या रेट्यानंतर वॉरंटी संपली तरी ही दुरुस्ती फुकट देण्याचं कबूल केलं. आपल्याकडे या मशीनची अधिकृत विक्रीच नाही, त्यामुळे ती फुकट दुरुस्ती म्हणजे आपल्यासाठी मोबाईलवर वाचायची बातमी. आपल्याला माझ्यासारख्या कुणाकडे तरी यावं लागतं.

म्हणून स्विच २ येणार म्हटल्यावर चाहत्यांची सगळ्यात मोठी आशा होती हॉल इफेक्टची. त्यात घासणंच नाही. काठीच्या बुडाशी चुंबक आणि समोर सेन्सर. चुंबक हलला की सेन्सरला कळतं. पट्टा नाही म्हणून पूड नाही. बाहेरच्या कंपन्या असे रिमोट आणि सुटे अ‍ॅनालॉग कधीपासून विकतायत, मीही बसवून देतो. पण एप्रिल २०२५ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतल्या अधिकाऱ्याने सांगून टाकलं की नव्या जॉय-कॉनमध्ये हॉल इफेक्ट नाही. पुढे मशीन बाजारात आल्यावर मशीन उघडून दुरुस्तीची सोय तपासणाऱ्या आयफिक्सिटच्या लोकांनी ते उघडलं तेव्हा आत पोटेन्शिओमीटरच निघाले. काही चाहते म्हणतात, नवे जॉय-कॉन मशीनला चुंबकानेच चिकटतात, मग शेजारी आणखी चुंबकाचा सेन्सर कसा चालेल. ऐकायला बरं वाटतं. पण दोन चुंबकांमध्ये आडोसा कसा करायचा हे या धंद्यात कुणाला ठाऊक नाही असं नाही.

तर या शंकेत तुझ्या दुसऱ्या मित्राचे दहापैकी सात गुण. तीन कापले, कारण काठी आता मोठी आहे, फिरायला मऊ आहे, आणि पोटेन्शिओमीटर म्हटला की तो वर्षात जाणारच असं नसतं. कितीतरी जुन्या मशीनचे अ‍ॅनालॉग पंधरा-पंधरा वर्षं चाललेले मी बघितलेत. पट्टा कशाचा, बोटाचा दाब किती, धूळ आत जाते का, यावर आयुष्य ठरतं. आणि वेफर्स खाऊन त्याच बोटांनी खेळतोस का, यावरही. हसू नकोस. काठीच्या मुळाशी असलेली रबरी झालर उचकटली की आत मिठाचे कण मिळतात मला.

चुंबकाचं म्हणशील तर त्याबद्दलची भीती मात्र खोटी ठरली असं मी म्हणेन. पहिल्या व्हिडिओनंतर लोक म्हणत होते, मशीनच्या कडेतून बाहेर आलेला तो कनेक्टरचा चिमुकला दांडा जॉय-कॉन काढता-घालताना मोडणार. पण तो खाचेत आत बसतो आणि जॉय-कॉन आधी खाचेच्या भिंतींवर टेकतो. जुन्या स्विचची सरकती पट्टी झिजायची, तिचा खटका गुळगुळीत व्हायचा, मग रिमोट नुसता लोंबायचा. ती भानगड गेली. कारागीर म्हणून माझं एक काम कमी झालं, माणूस म्हणून बरं वाटलं.

बॅटरी. कंपनीचाच आकडा सुमारे २ ते साडेसहा तासांचा आहे, बॅटरी ५,२२० एमएएचची असूनही. कारण पडदा ७.९ इंचांचा, १०८० पिक्सेलचा, सेकंदाला १२० चित्रं दाखवू शकणारा, आणि आतला एनव्हिडियाचा चिप जास्त खातो. लोकांनी हा आकडा वाचून डोक्याला हात लावला. पण गंमत बघ. २०१७ च्या मार्चमध्ये आलेल्या पहिल्या स्विचचा आकडा अडीच ते साडेसहा तासांचा होता. दोन वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, त्याच मशीनचा सुधारलेला नग आला तो साडेचार ते नऊ तासांचा. २०२१ मध्ये ओलेड पडदा आला. म्हणजे या कंपनीची रीत अशी की पहिला नग घाईत, दुसरा नग शहाणा. तुझा २०१९ चा स्विच त्यातला कोणता आहे ते मागे लिहिलेल्या नंबरवरून बघ. सुधारलेला असेल तर स्विच २ घेतल्यावर तुला बॅटरी कमी झाल्यासारखी वाटणार, आणि ते खरंच असेल.

यात जळगावचं म्हणून एक वेगळं सांगतो. २०२५ च्या उन्हाळ्यात कंपनीनेच सूचना काढली होती की हे मशीन ५ ते ३५ अंश तापमानातच वापरा. तुमच्याकडे मे महिन्यात ४४ अंश असतं, आणि दुपारी लाईट गेली की पंखाही बंद. अशा वेळी मशीन चार्जिंगला लावून त्यावरच खेळत बसू नकोस. आतला पंखा गरम हवाच आत ओढणार. बॅटरीला मारतं ते तापमान. सेटिंगमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवायची सोय आहे, ती पहिल्या दिवशीच चालू कर. डॉकमध्येही (मशीन टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) या वेळी पंखा दिलाय, त्याची जाळी भिंतीला चिकटवून ठेवू नकोस. जुन्या स्विचचा डॉक मात्र याला चालत नाही, तो वाचवून ठेवण्यात अर्थ नाही.

पडद्याबद्दल चाहत्यांची तक्रार रास्त आहे. स्विच २ चा पडदा एलसीडी आहे; ओलेड वापरलेल्याला त्याचा काळा रंग राखाडी दिसतो, आणि वेगात हलणाऱ्या चित्रामागे अस्पष्ट ओढ राहते. टीव्हीवर खेळणार असशील तर विषय संपला. पण एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव: पडद्यावर आधीपासून एक पातळ फिल्म चिकटवलेली येते. ती डब्यातून काढताना सोलायची प्लॅस्टिकची फिल्म नव्हे, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून लावलेली आहे. कंपनीने स्पष्ट लिहिलंय, काढू नका. आपल्याकडे नवीन वस्तू आली की कोपरा नखाने उचलून फिल्म सोलणं हा घरातल्या सगळ्यात धाकट्याचा मान असतो. या वेळी तो मान देऊ नका.

आता पहिल्या मित्राची बाजू, कारण तो काही अगदीच येडा नाही. ज्या आशेवर सगळ्यांचं लक्ष होतं ती, म्हणजे जुने गेम चालणं, बऱ्यापैकी पुरी झाली. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. नवा चिप जुन्या चिपची भाषा थेट बोलत नाही, त्यामुळे जुन्या गेमच्या सूचना चालता चालता नव्या चिपला कळतील अशा करून द्याव्या लागतात. पूर्वी कंपन्या सरळ जुन्या मशीनचा चिपच नव्या बोर्डावर बसवायच्या. प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या नगांत प्लेस्टेशन २ चा चिप होता. पुढे खर्च कापायला तो काढला आणि जुने गेम चालणं संपलं. स्विच २ ला तशी कात्री लावता येणार नाही, कारण काम सॉफ्टवेअरच करतंय. पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट जुन्या स्विचवर कसे अडखळत चालायचे ते तुला सांगायला नको. फुकट अपडेटनंतर ते नव्या मशीनवर सेकंदाला ६० चित्रांनी चालतात. माझ्या मुलीने मला ते बघायला बोलावलं होतं, आणि मी हातातला चिमटा ठेवून गेलो होतो. यापेक्षा जास्त कौतुक माझ्याकडून मिळत नाही.

ताकदही खरीच वाढली आहे. १२ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण, आणि डीएलएसएस म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करताना बारकावे भरून देणारी युक्ती. त्याच्या जोरावर सायबरपंक २०७७ सारखा अवजड गेम पहिल्या दिवसापासून यावर आला. जुन्या स्विचवर त्याचा विचारही शक्य नव्हता.

किंमत ही सगळ्यात जास्त आवाज झालेली शंका. अमेरिकेत जुना स्विच २९९.९९ डॉलरला आला होता, स्विच २ आला ४४९.९९ ला. त्यात २ एप्रिल २०२५ ला किंमत सांगितली आणि त्याच दिवशी अमेरिकेने नवी आयातपट्टी जाहीर केली; तिकडचं आगाऊ बुकिंग ९ एप्रिलवरून २४ वर गेलं. मशीनचा भाव तेव्हा तोच राहिला, जोडसामानाचा वाढला. लोक जास्त भडकले ते मारिओ कार्ट वर्ल्ड या गेमच्या ७९.९९ डॉलरवर. आणि तरीही ५ जूनला विक्री सुरू झाल्यावर ४ दिवसांत ३५ लाखांवर नग गेले. म्हणजे आरडाओरडा करणारे आणि रांगेत उभे राहणारे बरेचसे तेच लोक होते. आपल्याकडे दुकानदार आपापल्या हिमतीवर माल आणतो, कस्टम भरलं का नाही यावर भाव ठरतो आणि दर पंधरवड्याला बदलतो. माझा सल्ला फक्त इतका: बिल देत नसेल तर २,००० रुपये कमी पडले तरी घेऊ नकोस.

कार्डात गेम नसतो म्हणतात ते खरं आहे, पण सगळ्या कार्डांचं नाही. काही गेम "गेम-की कार्ड" म्हणून येतात. त्या कार्डात नुसती किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि खेळताना कार्ड आत घालून ठेवायचं. डब्यावर पुढच्या बाजूला तसं छापलेलं असतं. स्ट्रीट फायटर ६ असा आहे, सायबरपंक मात्र ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण आहे. जुन्या पिढीला हे टोचतं कारण आपण कॅसेट फुंकून घालणारी माणसं, वस्तू हातात आली म्हणजे आपली झाली ही समज. मीही त्यातलाच. पण व्यवहारात बघता गेम-की कार्ड पुढे विकता तरी येतं, डिजिटल गेम विकता येत नाही. तुझ्या होस्टेलच्या वायफायवर ५०-६० जीबी उतरवायला किती रात्री लागतील याचा हिशोब तूच कर.

मेमरी कार्डाचं तसंच. याला मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचं कार्ड लागतं. जुन्या स्विचचं कार्ड घातलंस तर त्यातले फोटो-व्हिडिओ दिसतील, गेम साठवता येणार नाहीत. दुकानात कार्ड मागताना नुसतं "फास्टवालं" म्हणू नकोस, डबीवर एक्सप्रेस लिहिलंय का ते बघ.

सेकंडहँड मशीन आणि कार्डांबद्दल मी सध्या फार कडक झालोय. नकली कार्डांतून गेम चालवणारी मशीन कंपनी ऑनलाइन सेवेतून कायमची बंद करते. मशीन दिसायला ठणठणीत, चालूही होतं, पण ई-शॉप नाही, आणि गेम-की कार्डं तर मुळातच निरुपयोगी. असं मशीन पुढच्याच्या गळ्यात मारायला विकणारा उत्सुक असतो. म्हणून सेकंडहँड घेताना त्याच्यासमोर आपल्या मोबाईलचं हॉटस्पॉट जोड आणि ई-शॉप उघडून बघ. तो "आत्ता नेट नाही" म्हणाला की चहा पिऊन निघ. कार्डांचंही तेच. एकाच अस्सल कार्डाची नक्कल दोघांकडे ऑनलाइन दिसली की निरपराध माणसाचं मशीनही अडकू शकतं.

आणि घाई. २०२१ च्या जानेवारीत प्लेस्टेशन ५ चं आपल्याकडे बुकिंग उघडलं तेव्हा काही मिनिटांत संपलं, आणि ४९,९९० चं मशीन लोकांनी कुठल्या कुठे भाव देऊन घेतलं. या वेळी जपानमध्ये निन्टेन्डोने पहिल्या सोडतीसाठी अट घातली होती: जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळलेलं असलं पाहिजे आणि वर्षभर ऑनलाइन सेवेचे पैसे भरलेले असले पाहिजेत. तरी २२ लाख अर्ज आले. दलालांना दूर ठेवायचा इतका साधा उपाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आता मशीन सगळीकडे मिळतं, त्यामुळे "शेवटचा पीस आहे" म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा.

पहिल्या खेपेच्या मशीनबद्दल मला जे वाटतं त्याचं मूळ एक्सबॉक्स ३६० मध्ये आहे. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, चाहते खूश, आणि मग तीन लाल दिवे. गरम-थंड, गरम-थंड होऊन आतले बारीक सांधे तुटत होते. लोक मशीन टॉवेलात गुंडाळून आणखी तापवायचे, म्हणजे तात्पुरतं सुरू व्हायचं. २००७ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी ३ वर्षांची केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. इतका मोठा दोष पहिल्या दिवशी कुणाला दिसला नव्हता, दिसायला दोन उन्हाळे लागले. स्विच २ मध्ये तसं काही आहे असं मी अजिबात म्हणत नाही. तसा वास मला आलेला नाही. पण उघडायला ते सोपं नाही: स्क्रू तीन पात्यांचे, काही स्टिकरखाली लपवलेले, बॅटरी चांगलीच चिकटवलेली, साठवणीचा चिप बोर्डालाच सोल्डर केलेला. आयफिक्सिटने दुरुस्तीच्या सोयीसाठी १० पैकी ३ गुण दिले. मी चार दिले असते, पण माझ्याकडे हीटिंग मॅट आहे. तुझ्याकडे हेअर ड्रायर असेल, तो लांब ठेव.

तर तू काय करावंस. हे वर्ष तुझं शेवटचं आहे, परीक्षा आहेत, आणि तुझ्या प्रश्नात असा एकही गेम नाही ज्यासाठी तुझा जीव अडलाय. मारिओ कार्ट वर्ल्ड किंवा डाँकी काँग बनान्झा हवाच असता तर तू आधी त्याचं नाव घेतलं असतंस. तेव्हा माझ्या मते थांब. सुधारलेला नग येईल तेव्हा येईल, पण तोवर सुटे भाग इथल्या बाजारात उतरतील आणि माझ्यासारख्यांचा हात बसेल. नाहीच राहवलं तर सर्व भाषांचं, बिलासकट, आणि डबा उघडल्या उघडल्या दोन्ही अ‍ॅनालॉग तपासून घे.

ते कसं तपासायचं ते सांगतो, जुन्या स्विचवर आजच करून बघ. सिस्टिम सेटिंगमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, त्यात कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स. काठी दाबलीस की पडद्यावर एक गोल आणि मध्ये एक खूण दिसेल. काठी कडेकडेने दोन-तीन वेळा पूर्ण फिरव आणि अंगठा झटकन उचल. खूण मध्यावर येऊन गप्प बसली पाहिजे. थरथरली किंवा एका बाजूला सरकत राहिली, तर दोन्ही रिमोट जुन्या टॉवेलात गुंडाळून डब्यात घाल आणि पुण्याला पाठव. डाव्याला चिठ्ठी चिकटव, कोणत्या दिशेला ओढतो ते लिही. अख्खं मशीन पाठवू नकोस, मला त्याची गरज नाही.